वय मोजले जाते, बळ मोजले जात नाही

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे, 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांच्या समाधीच्या दर्शनासाठी, मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून भाविक जमतात. वाहने वाढली तरी पायी दिंड्यांची प्रथा मोडलेली नाही. बालाघाटाच्या डोंगरकुशीतील या स्थानी चालत पोचणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरी उलटलेले स्त्रीपुरुष हटकून आढळतात. दिवसाकाठी काही कोस चालावे, मिळेल तेथे पाठ टेकावी आणि पहाटे पुन्हा वाटेला लागावे, हा क्रम ते पार पाडतात. त्याच दिवसांत त्यांच्याच गावातील, त्यांच्याच वर्षी जन्मलेला एखादा वृद्ध ओसरीवरच्या बाजेवरून उठून न्हाणीपर्यंत जाण्यासाठी कुणाचा तरी आधार शोधत असतो. दोघांचे वय एक. दोघांना मिळणारे निवृत्तिवेतनही एकच. मात्र एकाचे आयुष्य चालू आहे आणि दुसऱ्याचे थांबल्यासारखे झाले आहे.

हा फरक दैवाचा वा पूर्वसुकृताचा मानून आपण तो सोडून देतो. वस्तुतः तो अभ्यासाचा आणि त्याहूनही अधिक धोरणाचा विषय आहे. आपल्या कुटुंबांना व शासनाला वृद्धांचे वय ठाऊक असते. त्यांच्या अंगी बळ किती उरले आहे, याची नोंद कोठेच होत नाही. त्यामुळे बळ ओसरत असते त्या वर्षांत कोणी पाहत नाही, आणि खुब्याचे हाड मोडून वृद्ध अंथरुणाला खिळला म्हणजे सर्वांची धावपळ सुरू होते. तोवर करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

क्षमता आणि जर्जरता

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वार्धक्य व आरोग्य या विषयावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात एक महत्त्वाची कल्पना मांडली आहे. माणसाच्या शारीरिक व मानसिक शक्तींची जी एकूण बेरीज, तिला या अहवालाने व्यक्तीची 'अंगभूत क्षमता' मानले. पुढे तिची पाच अंगे ठरली : हालचाल, पोषण व जीवनशक्ती, बुद्धी व स्मरण, मनाची उभारी, आणि दृष्टी व श्रवण. ही क्षमता आणि भोवतालची परिस्थिती यांच्या मेळातून माणसाला हवे ते जगणे साधते किंवा साधत नाही. रोग किती जडले, यापेक्षा माणूस काय करू शकतो, याला येथे अधिक महत्त्व आहे. मधुमेह असूनही शेतात जाणारा वृद्ध आणि कोणताच रोग नसूनही उंबरा ओलांडू न शकणारा वृद्ध, या दोघांतील फरक या दृष्टीने समजतो.

दुसरी कल्पना जर्जरतेची. अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीवरून तिची पाच लक्षणे सांगितली : कारण नसता वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन वा अधिक आढळली तर जर्जरता, एक-दोन आढळली तर तिची पूर्वावस्था. त्या पाहणीत शंभरांत सुमारे सातजणच जर्जर होते; पूर्वावस्थेत मात्र जवळजवळ निम्मे होते. तेथील आकडे जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत. तथापि त्यांतून निघणारा बोध येथेही खरा आहे. जर्जरतेच्या दारापर्यंत पुष्कळजण येऊन थांबलेले असतात, आणि त्यांना परत फिरवता येण्याचा काळ हाच असतो.

या दोन कल्पनांतील नाते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच उमगावे. संस्था चालते ती रोजच्या जमाखर्चावर. पण संकटात तरते ती गंगाजळीवर. शरीराचेही असेच आहे. तारुण्यात हृदय, फुप्फुसे, स्नायू, मेंदू यांच्यापाशी रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक शिल्लक असते. म्हणून ताप येतो, जातो, आणि आठ दिवसांत माणूस कामाला लागतो. वयाबरोबर शिल्लक घटते. पण रोजचा खर्च भागत असल्याने ही घट कोणाच्या ध्यानात येत नाही. मग एखादा साधा ताप, एखादा जुलाब, एखादे घसरणे असे निमित्त होते आणि माणूस एकाएकी खचला असे घरातले म्हणतात. तो एकाएकी खचलेला नसतो. गंगाजळी आधीच संपलेली असते, निमित्ताने ती उघडकीस येते एवढेच. क्षमता म्हणजे ही शिल्लक होय, आणि जर्जरता म्हणजे शिल्लक संपत आल्याची अवस्था. जर्जरता आली की नाही, एवढेच विचारणे हे दिवाळे निघाल्यावर हिशेब तपासण्यासारखे आहे. क्षमतेवर लक्ष ठेवणे म्हणजे दरवर्षी ताळेबंद मांडणे.

कार्य कोणते, कारण कोणते?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दिंडीतील वृद्ध काटक दिसतात, म्हणून दिंडीने ते काटक झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण जे मुळात चालू शकतात तेच दिंडीत येतात. ज्यांचे गुडघे गेले ते घरीच राहतात आणि नजरेआड होतात. वीरशैव समाजात अत्यंत आदराचे स्थान असलेले अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज यांचे वयाची शंभरी ओलांडल्यानंतर २०२० साली देहावसान झाले. अशी उदाहरणे स्फूर्ती देतात; परंतु मोजक्यांच्या दीर्घायुष्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही.

म्हणून केवळ निरीक्षणावर न थांबता प्रयोगांकडे वळावे लागते. १९९० साली अमेरिकेत वृद्धनिवासातील दहा अशक्त व्यक्तींना, ज्यांचे सरासरी वय ९० होते, आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा वजनासह व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या स्नायूंचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. २०१४ साली तेथेच ७० ते ८९ वयाच्या १,६३५ व्यक्तींवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियमित चालणे व व्यायाम करणाऱ्या गटात सुमारे ३० टक्के व्यक्तींची चालण्याची शक्ती गंभीररीत्या ढासळली. केवळ आरोग्याची माहिती देणारी व्याख्याने ऐकणाऱ्या गटात हे प्रमाण साडेपस्तीस टक्के होते. फरक चमत्कारासारखा नाही. पण शंभरांत पाच माणसे आपल्या पायांवर राहिली, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. 'आता तुम्ही काही करू नका, बसून राहा' असे घरातली माणसे मायेने सांगतात आणि त्यातच त्यांना सेवेचे समाधान वाटते. ज्या सासूच्या हातून पाण्याची कळशी आणि निवडण्याचे सूप काढून घेतले जाते, तिला विश्रांती मिळते हे खरे. पण तिच्या बळाची गंगाजळीही त्याच दिवसापासून झपाट्याने आटू लागते. कष्ट उपसायला लावणे आणि हालचाल टिकवू देणे यांत अंतर आहे, आणि हे अंतर ओळखणे हीच खरी सेवा होय.

शरीर आणि मन

क्षमतेची पाच अंगे कागदावर वेगळी लिहिता येतात. माणसात ती एकमेकांत गुंतलेली असतात. ऐकू येईनासे झाले की वृद्ध चारचौघांत बोलणे टाळतो. बोलणे सुटले की पारावर जाणे सुटते. एकटेपणाने मन उदास होते, अन्नावरची वासना उडते, वजन घटते, पायांतले त्राण जाते, आणि मग अंधारात उंबऱ्याला ठेच लागून माणूस पडतो. डॉक्टर हाड मोडल्याचे निदान करतात आणि ते बरोबरच असते. पण या साखळीची पहिली कडी कानात होती. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाचा समावेश केला असून २०२४ च्या अहवालात त्यात दृष्टिदोषाची भर घातली आहे. चाळिशीपासूनचा चष्मा, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, कानातला मळ काढणे, हलणाऱ्या दातांवर उपचार या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण क्षमता टिकते ती बव्हंशी अशा क्षुल्लक गोष्टींवर.

अन्नाचेही तसेच. वृद्धाला कमी खाणे पुरते, ही समजूत सर्वत्र आहे. कमी उष्मांक पुरतात हे मान्य करता येईल. पण स्नायू राखण्यासाठी प्रथिनांची गरज वयाबरोबर घटत नाही, उलट तज्ज्ञ ती काहीशी अधिकच मानतात. चहात बुडवलेली चतकोर भाकरी आणि रात्री पातळ आमटी, एवढ्यावर दिवस काढणाऱ्या म्हातारीचे स्नायू व्यायामाने वाढणार नाहीत. डाळ, शेंगदाणे, दूध, ताक, मटकी हे पदार्थ मराठवाड्याला नवे नाहीत. प्रश्न ते तिच्या ताटात किती येतात एवढाच आहे. स्वस्त धान्य दुकानातून मिळणाऱ्या धान्याने पोट भरते, डाळीची उणीव भरून निघत नाही. शिवाय घरात सर्वांच्या शेवटी जेवण्याची सवय जन्मभर अंगी मुरलेल्या स्त्रीला वार्धक्यात ती सोडवतही नाही.

कोयता निघून गेल्यावर

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. कपिलधारच्या दिंड्या निघतात, त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्याही जिल्ह्याबाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. गावात उरतात ती म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि गुरे. पाणी भरणे, भाकरी थापणे, नातवंडांना शाळेत धाडणे, जनावरांचे शेणपाणी ही कामे ज्या घरात धडधाकट माणसे करीत होती, त्या घरात ती सत्तरीच्या आजीवर येऊन पडतात.

वर म्हटल्याप्रमाणे काम आणि हालचाल बळ टिकवतात, हे खरे असले तरी त्याला मर्यादा आहे. शिल्लक आणि मागणी यांचा मेळ असेल तोवरच काम पोषक ठरते. शिल्लक घटत असता मागणी वाढली की काम हेच जर्जरतेकडे ढकलते. ज्यांना बसवून ठेवले जाते त्यांचे बळ न वापरल्याने जाते, आणि ज्यांना सहा महिने घराचा गाडा एकट्याने ओढावा लागतो त्यांचे झिजून जाते. दोन्ही प्रकारचे वृद्ध एकाच गावात, कधीकधी एकाच गल्लीत आढळतात. त्यांना एकाच वयोगटात घालून एकच उपाय सांगणे अर्थहीन आहे.

शिवाय ऊसतोडीतील वार्धक्य साठीची वाट पाहत नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे दिसून आले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली तर ऋतुनिवृत्ती अकाली येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या मानेने आणि कमरेने ही स्त्री पन्नाशीतच जर्जरतेच्या पूर्वावस्थेत येऊ शकते. शासनाच्या व्याख्येनुसार मात्र ती अद्याप वृद्ध नाही. तिची पाळी यायला अजून दहापंधरा वर्षे आहेत.

सवलत आहे, पायरी उंच आहे

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयासाठी दरमहा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये हा वाटा आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी ६५ वर्षांवरील गरजूंना एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी ७० वर्षांवरील सर्वांना केंद्राच्या आयुष्मान योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. एसटीत ६५ वर्षांपासून अर्धे भाडे होतेच. २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना ते पूर्ण माफ झाले.

या सर्व योजना आवश्यक आहेत, पण त्यांची मुख्य कसोटी जन्मतारीख आहे. तिकीट माफ झाले, एसटीची पायरी होती तेवढीच उंच राहिली. ज्याला ती चढता येते त्याच्यासाठी ही सवलत आहे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती कागदावरच राहते. पाच लाखांचे संरक्षण हाड मोडल्यावर कामी येते. हाड मोडू नये म्हणून गावात वर्षभर काही करायचे तर त्यासाठी त्यात पैसा नाही. खर्च शेवटी करायचा आणि सुरुवातीला करायचा नाही, ही काटकसर नव्हे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील सुमारे साडेदहा कोटी लोक होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीहून अधिक होते. तेव्हापासून ते वाढतच गेले आहे. एवढ्यांचे बळ मोजणार कसे, असा आक्षेप घेतला जाईल. पण मोजणीला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी केली. तीत हाताची पकड, चाल, तोल, दृष्टी, स्मरण ही सारी घरोघर जाऊन मोजली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली प्राथमिक चाचणी तर याहून सोपी आहे. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारायचे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठणे चौदा सेकंदांत जमते का, हे पाहायचे. तीन महिन्यांत तीन किलोहून अधिक वजन घटले का, भूक मंदावली का, नीट दिसते का, कुजबुज ऐकू येते का, मन सारखे उदास असते का, एवढे विचारायचे. घड्याळ आणि एक खुर्ची यांवर काम भागते.

आशा सेविका घरोघर जो तपासणी तक्ता भरतात, त्यात ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल जाणे, दैनंदिन कामांत मदत लागणे, विसरणे यांबद्दल प्रश्न आहेतच. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटा आणि प्राथमिक केंद्रांत साप्ताहिक तपासणी यांची कल्पना आहे. म्हणजे धागे आहेत, ते जोडलेले नाहीत. तक्त्यात 'होय' असे लिहिले गेल्यावर पुढे कोणी, किती दिवसांत, काय करायचे, याचे उत्तर गावात मिळत नाही, तोवर तो तक्ता केवळ कागद राहील. कामाचा नवा बोजा टाकायचा तर त्याचा वेगळा मोबदला आशा सेविकेला मिळाला पाहिजे, हेही उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बळ मोजू लागले की उद्या एखादा हिशेबी अधिकारी 'हा धडधाकट आहे, याचे निवृत्तिवेतन बंद करा' असे म्हणणार नाही कशावरून? ही भीती रास्त आहे. म्हणून निवृत्तिवेतनाचा हक्क वयावर व निराधारपणावरच राहिला पाहिजे, याविषयी तडजोड नसावी. क्षमतेची मोजणी ही सेवा पोचवण्यासाठी असावी, हक्क काढून घेण्यासाठी नव्हे. आणि ऊसतोडीसारख्या कष्टांत झिजलेल्यांसाठी ती साठीची वाट न पाहता पंचेचाळिशीपासून सुरू व्हावी.

लहान कामांपासून आरंभ

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरामय वार्धक्यासाठी घोषित केले आहे. त्याचा निम्म्याहून अधिक काळ निघून गेला. उरलेल्या वर्षांत निदान काही गोष्टी साधाव्यात. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी, गावात मागे राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाची अशी तपासणी उपकेंद्रात व्हावी आणि जेथे बळ घटलेले दिसेल त्या घरी हंगामभर पाणी, इंधन व तयार जेवण यांची सोय ग्रामपंचायतीने करावी. ज्यांची पूर्वावस्था असेल त्यांना उठण्या-बसण्याचे, टाचा उचलण्याचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम एकत्र बसून शिकवावेत. देवळाचा सभामंडप त्याला पुरेल. एसटीच्या पायरीला एक जोडपायरी आणि धरायला दांडा मिळावा.

यात्रेचाही यासाठी उपयोग आहे. कपिलधारला हजारो वृद्ध एका ठिकाणी येतात, तेव्हा तेथे तपासणीचे मांडव उभारता येतील. पण तेवढ्याने दिंडीत येऊ शकणाऱ्यांचीच तपासणी होईल. खरी माहिती दिंडीच्या चालकापाशी असते. गेली वीस वर्षे चालत येणारे कोण यंदा आले नाही, हे त्याला यादीवाचून ठाऊक असते. गावी परतल्यावर त्याने ती नावे उपकेंद्रात नेऊन दिली, तर पहिल्यांदा कोणाच्या घरी जायचे, हे आरोग्य सेविकेला विचारावे लागणार नाही.